हिवाळ्याचं माळवं: कोल्हापुरात चाकवत कुठं गेला?

पंचगंगाकाठ | २२ डिसेंबर, रात्री ९:४०

गेले तीन आठवडे मी चाकवताची पालेभाजी शोधतेय. पहिल्या रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोहोचायला उशीर झाला. दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला गेले, तरी नव्हता. काल कपिलतीर्थलाही चक्कर मारली. तिथल्या ओळखीच्या मावशींनी पालकाची जुडी पुढं केली आणि म्हणाल्या, "ह्यालाच ताक लाव बाई, पोरं खातील." पोरं खातीलही. पण चाकवत शिजला की पळीनं घोटताना जो मऊपणा येतो आणि जिभेवर किंचित खारट चव राहते, ती पालकाला नाही. आई हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आदल्या रात्री भिजत घालायची. सकाळी ते चाकवताबरोबर शिजवून, घोटून, ताकात थोडं बेसन कालवून लावायची आणि वर लसणाची करपत आलेली फोडणी. हिवाळा आला हे मला त्या वासावरून कळायचं.

यंदा आम्ही घरात दिवाळीपासून ठरवलंय, की संक्रांतीपर्यंत शक्य तेवढं आपल्या भागात पिकलेलं आणि याच हंगामातलं खायचं. आपला भाग म्हणजे मी जिल्हा आणि त्याला लागून असलेलं निपाणी-बेळगाव, सांगली धरते. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथलं माळवं, म्हणजे भाजीपाला, परकं आणि सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पुण्याहून आलेलं आपलं, हे मला पटत नाही.

सुरुवातीला वाटलं होतं, फार अडेल. तसं झालं नाही. उलट रोज काय करू नि काय ठेवू असं होतं. मेथी, कांद्याची पात, करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचा खुडलेला पाला, मुळा, मागाहून त्याच्या डिंगऱ्या, वरणा-पावट्याच्या शेंगा, देठाला काटे असलेली वांगी, आवळा, पेरू, आता बोरं यायला लागलीत. थंड देशांतलं लिखाण वाचलं तर हिवाळ्यात स्थानिक खाणं म्हणजे साठवणीवर दिवस काढणं. आपल्याकडं साठवणीचा काळ वेगळा. सांडगे, पापड, कुरडया, वर्षाची चटणी हे सगळं आपण उन्हाळ्यात करतो ते पावसाळा निभावायला. हिवाळ्यात आपल्या रानात सगळ्यात जास्त असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण वर्षभर मिळणारा फ्लॉवर, ढोबळी मिरची आणि फ्रोजन मटार आणतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन ठिकाणी मात्र अडलंय. एक हा चाकवत. दुसरी भाकरी. शाळू, म्हणजे हिवाळ्यातली ज्वारी, कुठला म्हणून दुकानात विचारलं तर सोलापूर, मंगळवेढा, विजापूर अशी उत्तरं आली. मंगळवेढ्याची ज्वारी उत्तमच, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण आमच्या आजोळी, हातकणंगले तालुक्यात, लहानपणी दारात शाळूची कणसं पडलेली असायची. ती गेली कुठं?

कुणाला चाकवत कुठं मिळतो ते माहीत असेल तर सांगा. आणि तुमच्या घरात या दिवसांत काय शिजतं तेही लिहा.

---

रोजचा_डबा | २२ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, वाचून भूक लागली, पण एक प्रामाणिकपणे विचारते. हे सगळं निवडायचं कुणी? मी सकाळी आठला घर सोडते. पावशेर पावटा सोलायला अर्धा तास जातो. मेथीची जुडी निवडायला वीस मिनिटं. फ्लॉवर दहा मिनिटांत कढईत पडतो. हंगामी खाणं चांगलं हे मलाही कळतं. पण ते प्रत्येक घरात एकाच बाईच्या हातून व्हावं अशी अपेक्षा असेल तर ते टिकणार नाही.

---

पंचगंगाकाठ | २२ डिसेंबर, रात्री १०:४०

@रोजचा_डबा, अगदी खरं बोललात. आमच्याकडं हे जमतंय त्याचं कारण एवढंच, की मी एकटी करत नाही. रविवारी बाजारातून आलं की मोठी पाटी दिवाणखान्यात येते. यजमान आणि मुलगा वरणा-पावटा सोलतात, मी पालेभाजी निवडते. तासाभरात चार दिवसांचं होतं. सोललेले दाणे फ्रीजमध्ये डब्यात राहतात. मेथी न धुता, सुती फडक्यात गुंडाळून ठेवली की चार दिवस टिकते. ज्या आठवड्यात यांना सुट्टी नसते त्या आठवड्यात मीही वांगं-बटाटाच करते.

आणि मेथीला दर वेळी शिजवायला कुठं लागतं? घोळाणा करा. कोवळी मेथी बारीक चिरून त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, थोडी कांदा-लसूण चटणी, कच्चं तेल आणि लिंबू. भाकरीबरोबर दुसरं काही नको.

---

आहार_आणि_आपण | २३ डिसेंबर, सकाळी ७:०५

मी आहारतज्ज्ञ आहे, राजारामपुरीत बसते. घोळाण्यातलं लिंबू नुसतं चवीचं नाही. पालेभाजीतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, सोबत क जीवनसत्त्व असलं की जास्त शोषलं जातं. उलट जेवणाला लागून चहा घेतला तर ते अडतं. त्यामुळे घोळाणा खाऊन लगेच कप हातात घेऊ नका, तासभर थांबा.

कच्ची पालेभाजी मात्र नीट धुवा. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन मेथी बुडवायची, हलवायची, वर काढायची, खाली बसलेली माती टाकायची. असं तीन वेळा, शेवटच्या वेळी पिण्याचं पाणी वापरायचं. नदीकाठच्या रानातलं माळवं असेल तर हे टाळू नका, पंचगंगेच्या पाण्याची अवस्था आपल्याला माहीत आहे.

गुळाचा विषय निघण्याआधीच सांगते, कारण माझ्याकडं रोज दोन तरी लोक हे विचारायला येतात. गूळ हा बहुतांशी साखरच आहे. त्यात थोडी खनिजं असतात, चव फार सुंदर असते, पण मधुमेह असणाऱ्यांनी "नवा गूळ आहे, चालतो" म्हणून खाऊ नये. ज्यांना मधुमेह नाही त्यांनी आनंदानं खावा.

---

गुऱ्हाळघर | २३ डिसेंबर, दुपारी १:३०

गुळाचं मी सांगतो. आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, वडिलांच्या आधीपासून. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. आपल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आता गावोगावची चुलवाणं थंड झालीत. आमच्या गावात मी लहान असताना नऊ गुऱ्हाळं होती, आज दोन आहेत. ऊस कारखान्याला घातला की कटकट नाही, इथं दहा-बारा माणसं रात्रंदिवस लागतात आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, मिळत नाही.

पंचगंगाकाठ ताईंनी हंगामाचं लिहिलं म्हणून सांगतो, गुळाला हंगाम का असतो. उसात साखर भरते ती थंडीत. ऑक्टोबरात पेटवलेल्या काहिलीतला (मोठ्या कढईतला) गूळ आणि जानेवारीतला गूळ, दोन्ही एकाच रानातले असले तरी चव वेगळी. पहिला खारवट लागतो, नीट बांधत नाही. डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी हा खरा काळ. रस काहिलीत पडला की अडीच-तीन तास उकळतो. रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. तिथपर्यंत सगळं सरळ असतं. पुढं गुळव्याचं काम. पाक १०५-१०६ अंशाला उतरवला तर काकवी होते, ११८ च्या आसपास गेला तर गूळ. आमचा गुळव्या थर्मामीटर बघत नाही. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकतो, बोटानं गोळी करतो आणि ती काहिलीच्या काठावर आपटतो. टण्ण वाजली की उतरव म्हणतो.

गिऱ्हाईक म्हणून तुमच्या हातात एकच गोष्ट आहे. पिवळाधमक गूळ मागू नका. तो रंग हायड्रॉस पावडरीनं येतो. बाजारात त्यालाच भाव मिळतो म्हणून लोक घालतात, मीही पूर्वी घातलीय, खोटं बोलत नाही. न घातलेला गूळ तांबूस-तपकिरी असतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही पावडर बंद केली तेव्हा पहिल्या हंगामात सौद्यात (लिलावात) आमच्या गुळाच्या रव्यांकडं, म्हणजे ढेपांकडं, कुणी बघेना. आता घरगुती गिऱ्हाईक थेट येतं. एक किलोची ढेप न्यायला आलेला माणूस जाताना काकवीची बाटली नेतोच. थंडीत सकाळी गरम भाकरीवर तूप आणि काकवी घालून बघा.

---

दूर_मिशिगन | २३ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

मूळची मंगळवार पेठेतली, सतरा वर्षं मिशिगनमध्ये. तुम्ही थंड देशांचं लिहिलंत ते बरोबर आहे, पण इथल्या साठवणीबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात.

इथं जमीन गोठते. तरीही जवळचंच खायचं म्हणणारी माणसं आहेत आणि मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकले. गाजर, बीट, सलगम ओलसर वाळूत पुरून तळघरात ठेवतात, वसंतापर्यंत टिकतात. बटाटा अंधारात, कोबी थंडीत, लाल भोपळ्याचे इथले प्रकार मात्र कोरड्या, जरा उबदार जागेत. प्लास्टिकच्या कमानीखाली, शेगडी न लावता, पालक वाढवतात. तो आपल्या पालकापेक्षा गोड लागतो. गोठण्यापासून वाचायला झाड पानात साखर साठवतं, म्हणून ती गोडी.

सगळ्यात मोठी गोष्ट पैशांची. आम्ही वीस मैलांवरच्या एका शेतकरी कुटुंबाला हंगाम सुरू व्हायच्या आधी पैसे देतो. मग दर आठवड्याला जे निघेल त्याची पेटी. कधी भरभरून, कधी नुसते बीट. गारपीट झाली तर आमचंही नुकसान. त्या बदल्यात त्यांना पेरणीच्या वेळी कर्ज काढावं लागत नाही आणि काय पेरायचं हे बाजाराच्या धाकानं ठरवावं लागत नाही. कोल्हापुरात तर बारा महिने हिरवं रान आहे. तिथं असं कुणी करतं का?

---

माळवंवालीची_लेक | २४ डिसेंबर, सकाळी ११:२०

माझ्या आईनं एकवीस वर्षं माळवं विकलं. त्यावर आम्ही तिघं बहीणभाऊ शिकलो. म्हणून बाजारात बसणाऱ्या बायकांविषयी थोडं लिहिते.

मंडईत दोन प्रकारची माळवंवाली असते. एक, मार्केट यार्डातून पहाटे लिलावाचा माल उचलणारी. दुसरी, घरच्या रानातलं आणणारी. पहिलीही कष्टाचंच खाते, तिला कमी लेखू नका. पण तुम्हाला जवळचं हवं असेल तर दुसरी ओळखता आली पाहिजे. तिच्यापुढं एकाच भाजीचा ढीग नसतो. चार जुड्या मेथी, दोन मूठ हिरवी मिरची, पाच-सहा वांगी, ओंजळभर वरणा, एखादा भोपळा, कडेला लिंबं. सगळं मिळून एका पाटीत मावेल एवढं. जुडी रबरानं नाही, केळीच्या सोपानं (वाळक्या सालीनं) नाहीतर गवताच्या काडीनं बांधलेली. मेथीला मुळं तशीच आणि मुळांना माती. आणि ती दहा-साडेदहाला उठते, कारण संपतं आणि घरी जनावरं वाट बघत असतात. संध्याकाळी ऑफिसवरून येताना ती तुम्हाला दिसणार नाही.

तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. आईला त्याचं फार लागायचं. पाटी डोक्यावर घेऊन एसटीनं येणाऱ्या बाईचं भाडंच केवढं असायचं.

आता चाकवत. आई चाकवत कधी पेरायची नाही, तो आपोआप यायचा. उसाच्या सरीत (दोन ओळींमधल्या चरीत), गव्हात. खुरपताना ती तो वेगळा काढून ठेवायची. गेल्या दहा-बारा वर्षांत खुरपणंच कमी झालं. त्यापुढचं शेतकऱ्यानं सांगावं.

---

अडीच_एकर | २४ डिसेंबर, रात्री ९:०५

मी सांगतो. शेतकरी आहे, कागल तालुका, वय ३१, नावाप्रमाणं अडीच एकर. सगळा ऊस.

चाकवत आम्ही मारला. टू-फोर-डी नावाचं तणनाशक आहे, रुंद पानाचं तण मारतं आणि उसाला काही करत नाही. चाकवत रुंद पानाचा. त्याच्याबरोबर तांदळी जाते, हरभरा जातो, मेथी जाते. लावणीनंतर लगेच मारायची औषधं वेगळी, ती मातीत राहतात आणि बी उगवूच देत नाहीत. एकदा फवारलं की त्या सरीत त्या हंगामात माळवं विसरायचं.

पूर्वी काय होतं ते आजीकडून ऐकलंय आणि थोडं बघितलंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी ऊस लावला की सरीच्या बगलेला बायका मेथी, कोथिंबीर, मुळा, लसूण, हरभरा टोचायच्या. मध्येच एक ओळ मका. ऊस लहान असतो तोवर तीन-चार महिने दोन ओळींत भरपूर ऊन आणि पाणी असतं. बांधणीच्या (उसाला मातीची भर लावण्याच्या) आत माळवं निघून जायचं. त्याचा पैसा घरातल्या बाईच्या हातात यायचा. उसाचं बिल बापयाच्या खात्यावर. आजी म्हणते, आम्हाला कधी मिठाला पैसे मागावे लागले नाहीत, सरीनं दिले.

मग फवारता का, म्हणाल. आमच्या गावात खुरपायला बाईची मजुरी ३०० रुपये, तीही सकाळी दहा ते पाच. एकराला एका खुरपणीला दहा-बारा बायका, अशा किमान दोन-तीन खुरपण्या. आणि माणूसच मिळत नाही. औषध मी एकटा पाठीवर पंप घेऊन अर्ध्या दिवसात मारतो, खर्च त्याच्या पाव हिश्शात. मला हौस नाही. फवारणीच्या दिवशी रात्री डोकं दुखतं. माझी दोन वर्षांची मुलगी आहे, तिला मी त्या दिवशी उचलून घेत नाही.

शाळूचंही तेच उत्तर. पाणी आलं, ऊस आला. शाळूला पाखरं राखायला माणूस लागतं, मळणीला लागतं. आणि आजूबाजूला सगळा ऊस असताना मधेच एकट्यानं शाळू केला तर सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याच कणसावर बसतात. गावानं मिळून केला तरच होतं. गडहिंग्लजकडच्या कोरडवाहू माळावर अजून होतो. गडहिंग्लजच्या बाजारात विचारा, शाळू मिळेल. त्याच फेरीत तिथली जवारी मिरचीही बघा, याच दिवसांत यायला लागते.

---

पंचगंगाकाठ | २४ डिसेंबर, रात्री ९:५०

@अडीच_एकर, तुमचं दोनदा वाचलं. मी बाजारात चाकवत शोधत होते आणि उत्तर सरीत होतं. आपण शहरात राहून "जवळचं खावं" म्हणतो, पण जवळच्या रानात माळवं राहील की नाही हे खुरपणीच्या मजुरीवर ठरतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आजीचं ते मिठाचं वाक्य तर मनातून जात नाही.

@दूर_मिशिगन यांनी लिहिलंय तसं इथं करता येईल का? आमच्या गल्लीतली सात-आठ घरं मी तयार करू शकते. खुरपणीचे पैसे आम्ही आधी दिले, तर थोडी जागा न फवारता ठेवाल का? मनापासून विचारतेय.

---

घाटमाथा | २५ डिसेंबर, सकाळी ८:३०

आजरा-चंदगडकडचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं ऊस आता चढत आलाय, पण अजून भात, नाचणी, रताळी आहेत. घनसाळ हा आमचा वासाचा तांदूळ याच दिवसांत घरात येतो. १५० दिवसांच्या आसपास उभा राहणारं भात आहे, उत्पन्न कमी, आणि उंच वाढून वाऱ्यानं लोळतं. म्हणून नवी पोरं करत नाहीत. २०१६ मध्ये मानांकन मिळाल्यापासून भाव बरा मिळतो, पण त्याच नावानं दुसरा तांदूळही खपतो. ओळखायचं सोपं आहे. दाणा आखूड असतो. शिजायला लागला की वास शेजारच्या घरात जातो.

एक गोष्ट मात्र उलटी सांगतो. सगळंच ताजं चांगलं असं नाही. नवा तांदूळ शिजवला की गिचका होतो. आमच्याकडं रोजच्या भाताला गेल्या वर्षीचा काढतात आणि नव्याची गुळाची खीर करतात, नाहीतर मऊ भात तूप-मेतकुटाबरोबर. नव्याचा भात करायचाच असेल तर पाणी कमी घाला.

नाचणीही आता आलीय. भाकरीला शाळू मिळत नाही म्हणून अडलात ना? दोन दिवस नाचणीची करा. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, सगळीकडं नाचणी पिकते. ती तुमच्या जिल्ह्यातलीच आहे.

---

रोजचा_डबा | २५ डिसेंबर, दुपारी २:१०

काल रात्री नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. आज सुट्टी होती. दोघांनी मिळून अर्धा किलो वरणा सोलला आणि वांगं-वरणा केलं. मुलगी म्हणाली, हे मटार वेगळे का लागतात. तिला सांगितलं हे मटार नाहीत. नऊ वर्षांची होईपर्यंत तिनं वरणा खाल्लाच नव्हता, याचं मला स्वतःला फार वाटलं.

@पंचगंगाकाठ, खुरपणीच्या पैशांचं जमलं तर आमचं एक घर धरा.

---

अडीच_एकर | २६ डिसेंबर, रात्री ८:४५

ताई, आजीशी आणि बायकोशी बोललो. पूर्वहंगामी ऊस आहे त्यात आता काही होत नाही, औषध पडलंय. पण खालच्या तुकड्यात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा आलेला ऊस) निघतोय, कारखान्याची तोड या आठवड्यात आहे. तिथं जानेवारीत 'सुरू' हंगामाच्या उसाची लावण करणार. त्यातल्या दहा सऱ्या मी फवारत नाही. शेजाऱ्याच्या बाजूच्या चार सऱ्या मात्र धरू नका, तो मारतो ते वाऱ्यानं येतं. मधल्या दहा.

हिशोब असा. दहा सऱ्यांना दोन खुरपण्या, प्रत्येक वेळी दोन बायका, म्हणजे १,२०० रुपये. बी आणि आजीचा वेळ धरून २,००० धरा. आठ घरं असतील तर घरटी २५० आले. माझ्या ओळखीत हे कुणी केलेलं नाही, त्यामुळं काही चुकलं तर समजून घ्या. मेथी महिन्याभरात येईल, कोथिंबीर दीड महिन्यात, मुळा त्याच सुमाराला. रोग पडला किंवा डुकरं शिरली तर माझ्या हातात नाही.

पैसे आजीच्या हातात द्यायचे, माझ्या नाही. ही तिची अट आहे.

---

पंचगंगाकाठ | २६ डिसेंबर, रात्री ९:१५

अट मान्य. आठ घरं झाली, रोजचा_डबा धरून नऊ. घरटी २५० च देणार, एक घर जास्त आहे ते डुकरांच्या नावानं राहू दे.

---

गुऱ्हाळघर | २६ डिसेंबर, रात्री ९:४०

@अडीच_एकर, शाब्बास. खोडव्याचं पाचट (वाळलेला पाला) पेटवू नका, सऱ्यांत आच्छादन करा. जिथं माळवं टोचणार तेवढीच बगल मोकळी ठेवा. तण निम्म्यावर येतं, खुरपणी कमी लागते. आम्ही चार वर्षं करतोय.

---

पंचगंगाकाठ | १३ जानेवारी, रात्री १०:०५

आज भोगी. "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणत आई जी भाजी करायची ती केली, आणि यंदा प्रत्येक जिन्नस कुठून आला ते विचारून घेतलं. वांगी शिरोळची. पावटा आणि वरणा करवीरमधले, केळीच्या सोपानं बांधलेल्या पिशवीतले. @माळवंवालीची_लेक, तुम्ही सांगितल्यापासून मी आधी जुडीची गाठ बघते. ओला हरभरा सांगलीकडचा. बोरं आणि उसाची कांडी गुऱ्हाळघर दादांकडची, तिथं रविवारी सगळी जाऊन आलो, गरम गूळ उसाच्या कांड्यावर गुंडाळून मुलांनी खाल्ला. शेंगदाणे गडहिंग्लजचे, तिथूनच दहा किलो शाळूही आणलाय. गाजर मात्र लांबचं निघालं, लाल गाजर उत्तरेकडून येतं म्हणाले. तीळ आणि भाकरीची बाजरीही बाहेरची. आपल्या पावसात बाजरी होत नाही, ती माणदेशातून आली. पूर्वीही तशीच येत असणार, त्याचं मला काही वाटलं नाही.

@अडीच_एकर, सऱ्या कशा आहेत?

---

अडीच_एकर | १३ जानेवारी, रात्री १०:३०

गेल्या गुरुवारी लावण झाली. मेथी, कोथिंबीर, मुळा आजीनं कालच टोचला. पैसे तिनं कमरेच्या पिशवीत ठेवलेत, रोज एकदा मोजते. पण चाकवत आपोआप येईल असं तिला वाटत नाही. म्हणाली, दहा वर्षं औषध पडलेलं रान आहे, बी शिल्लक नसेल. पेरायला पाहिजे. बियाण्याच्या तीन दुकानांत विचारलं, एकातही नाही.

---

माळवंवालीची_लेक | १३ जानेवारी, रात्री १०:५०

आईकडं आहे. परसात दर वर्षी चार झाडं बियाला सोडते, राखेत मिसळून गाडग्यात ठेवते. आत्ता फोन केला तर म्हणाली, बी मोहरीपेक्षा बारीक असतं, वाळूत मिसळून वरच्या वर फेकायचं, खोल पुरायचं नाही, आणि पाणी हलक्या हातानं सोडायचं. दीड महिन्यात खुडायला येतो. दहा सऱ्यांना पुरून उरेल एवढं आहे.

रविवारी सकाळी सातला लक्ष्मीपुरीत येते. आईही येणार म्हणतेय, तिची जुनी जागा बघायला. तिथंच भेटू.